भरीत अजून मिळेल का?

सासूबाईंनी वेटरला हाताने जवळ बोलावलं आणि जरा पुढे वाकून विचारलं, "भाऊ, भरीत अजून मिळेल का?" घडलं ते इतकंच. मुलाच्या पहिल्या पगाराचं जेवण होतं. पुण्याहून तो रात्रीच्या गाडीने आला होता आणि आल्या आल्या त्याने जाहीर करून टाकलं होतं, की आज घरात कुणी गॅस पेटवायचा नाही. भुसावळ रस्त्याला एक नवं हॉटेल झालंय. आत शिरताना छोटा धबधबा, भिंतीवर टांगलेली सुपं आणि बैलगाडीचं चाक, टेबलावर कापडी रुमाल अशा घडीचा की तो उलगडायचा की तसाच राहू द्यायचा, हे आम्ही एकमेकांकडे बघून ठरवलं. सूप आलं, पनीर आलं, लेकीने मागवलेलं चीज घातलेलं काहीतरी आलं आणि मुलाच्या हौसेखातर 'खान्देशी थाळी'ही आली. तिच्यात मातीच्या वाटीत भरीत होतं. सासूबाईंनी ते संपवलं, वाटी बोटाने निपटली आणि मग भाऊला विचारलं. सगळे हसले. आजीला आपण निवडलेलं हॉटेल आवडलं म्हणून मुलगा तर खूशच झाला. मीही हसले. पण परतताना गाडीत मागे बसून मी आठवत होते, की इतक्या हिवाळ्यांत यांनी माझ्या हातचं भरीत मागून घेतलंय का कधी? नाही घेतलं. ताटात पहिल्यांदा पडेल तेवढं खायचं, "चांगलं झालंय" म्हणायचं आणि पुन्हा वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरायचा.

आता ते हॉटेलचं भरीत माझ्याहून सरस होतं का, तर नव्हतं. हे मी असूयेने म्हणत नाही. बरं, थोडं असूयेने म्हणते. त्याला तेल सुरेख सुटलं होतं, कांद्याची पात ऐनवेळी घातलेली होती, दाताखाली शेंगदाणा होता. पण मिरची भित्री होती. बाहेरगावच्या पाहुण्याला झेपेल इतकीच. कळण्याच्या भाकरीचे त्रिकोणी तुकडे करून ते बास्केटमध्ये उभे लावले होते, आणि भाकरी तव्यावरून उतरून बराच वेळ झाला की ती कशी होते हे मी सांगायला नको. ज्वारीच्या पाव हिश्शाएवढे सालाचे उडीद आणि दळतानाच घातलेलं मीठ, एवढ्यावर ती भाकरी उभी असते. ती गरम असतानाच तिचा तो किंचित चिकट, उडदाचा वास येतो. गार झाल्यावर नुसती काळसर भाकरी उरते. धूर मात्र होता त्या भरतात. तो कुठून आणला, हे मी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बराच वेळ शोधत राहिले. दार दोन्ही बाजूंनी उघडझाप करणारं, त्याला वरच्या बाजूला गोल काच. त्यातून टोपी घातलेलं एक डोकं इकडून तिकडे जाताना दिसायचं, बाकी काही नाही.

माझं माहेर यावल तालुक्यातलं. बामणोद-भालोदच्या वांग्यांचा पट्टा. हिरवी, पांढरट झाक असलेली, एकेक हातात धरलं तर हात भरून जाईल अशी वांगी. बी कमी, गर जास्त. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी मिळालं, तेव्हा आमच्याकडे त्याचं फार कौतुक झालं नाही. वांगं चांगलं आहे हे सांगायला सरकार कशाला, असा एकूण सूर. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, चातुर्मास पाळणाऱ्यांची वांग्यावरची बंदी उठली, की शेतात भरताच्या पार्ट्यांना ऊत यायचा. वांग्याला टोचे मारायचे, नाहीतर ते फुटतं. मग कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काड्यांचा ढीग पेटवायचा आणि त्यात वांगी ओळीने टाकायची. ही काडी चुलीतल्या लाकडासारखी रेंगाळत नाही, भडकते आणि विझते, त्यामुळे सतत नव्या काड्या टाकाव्या लागतात. साल कोळसा होते आणि आतला गर स्वतःच्याच पाण्यात शिजतो, तोवर धूर त्या टोच्यांतून आत शिरलेला असतो. हे सगळं पुरुषांचं काम. वर्षभर पाण्याचा तांब्या उचलून न घेणारे माझे काका त्या दिवशी धुराने डोळे लाल करून वांगी उलटत बसायचे आणि जवळ कुणाला येऊ द्यायचे नाहीत. साल काढलेली वांगी लाकडाच्या मोठ्या भांड्यात ठेचायची, त्यात भाजून ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, पात, कोथिंबीर आणि शेंगदाण्याचं तेल, तेही मोजून नाही, धारेने. जेवायला केळीची पानं. ती तर बांधाला उभीच.

जळगावात तिसऱ्या मजल्यावर राहून हे कसं करायचं, हा माझा लग्नानंतरचा पहिला प्रयोग आणि खरं सांगायचं तर तो अजून संपलेला नाही. गॅसवर जाळी ठेवून वांगं भाजलं की साल जळते, गर शिजतो, पण धूर नाही. गॅस स्वच्छ जळतो, हीच त्याची अडचण. मग धुंगार करून पाहिला. कोळसा लाल करून वाटीत ठेवायचा, वर तेल सोडायचं आणि पातेलं झाकायचं. वास येतो, पण तो वरवरचा. पहिल्या घासाला असतो, चौथ्याला नसतो. ओव्हनमध्ये भाजून पाहिलं, तर वांगं मऊ, गोडसर झालं. लेकीला फार आवडलं, पण ती त्याला ब्रेडवर लावून खात होती, यावरून काय ते समजा. एका हिवाळ्यात माहेरून पोतंभर काड्या आणल्या आणि गच्चीवर पत्र्याच्या घमेल्यात पेटवल्या. भरीत अव्वल झालं. खालच्या मजल्यावरच्यांचे वाळत घातलेले कपडेही तितकेच अव्वल धुरकटले. त्यांना भरताचा डबा नेऊन दिला तेव्हा कुठे बोलणं पुन्हा सुरू झालं. आता भरताच्या दिवसांत गावात ठिकठिकाणी किलोवर तयार भरीत मिळतं आणि घरोघरचे लोक डबे घेऊन रांगेत असतात. मीही कधीमधी आणते. पण आणलेल्या भरतावर मी घरी येऊन पुन्हा लसूण ठेचून घालतेच. त्याशिवाय ते माझं होत नाही.

प्रयोग भरतापुरते कधीच राहिले नाहीत. कळण्याच्या पिठाचा पिझ्झा केलाय मी, आणि तो वाईट नव्हता. डुबुकवड्यांच्या रश्श्यात एकदा नारळाचं दूध घातलं होतं. त्याबद्दल मात्र आम्ही कुणीच परत बोललो नाही. काळा मसाला दरवर्षी घरीच करते, तरी त्यातही कधी दगडफूल वाढव, कधी खोबरं आणखी काळं भाज, असं चालूच असतं. पाटोडीची आमटी, दालबट्टी, बिबड्यांची भाजी, सगळ्यांत कुठेतरी बोट घालून पाहिलंय. आणि या सगळ्याला सासूबाईंची दाद एकच. "चांगलं झालंय." वाईट झालेल्यालाही तेच. त्यांचं माहेर धुळ्याकडचं, साक्रीच्या बाजूचं. घरात आम्हा दोघींतलं बोलणं अहिराणीत आणि माझ्या माहेरच्या लेवा बोलीत मिसळून चालतं, पण जेवणाबद्दल मत द्यायचं तर त्या प्रमाण मराठीत येतात. प्रमाण मराठीत आल्या की समजावं, आता यापुढे चर्चा नाही.

मग हॉटेलात काय झालं?

बाहेर खाणं सासूबाईंच्या आयुष्यात उशिरा आलं. माझ्याही तसं उशिराच. आमच्या लहानपणी ढाबा म्हणजे पुरुषांचा. आग्रा रोडला आणि सुरत-नागपूर रस्त्याला जिकडे तिकडे शेवभाजीचे ढाबे. धुळ्याला तर हे दोन्ही रस्तेच एकमेकांना छेदतात. वडील आणि त्यांचे मित्र जायचे, आणि आमच्यासाठी पार्सल यायचं. प्लास्टिकच्या पिशवीत काळाकुट्ट रस्सा, वर बोटभर तर्री, पिशवीला रबर गुंडाळलेलं, आणि वर्तमानपत्रात वेगळी बांधलेली जाड तिखट शेव. शेव आधी घातली तर फुगून लगदा होतो, म्हणून ती ताटात रस्सा ओतल्यावरच घालायची. घरी येईस्तोवर रस्सा कोमट झालेला असायचा. आई तो पातेल्यात ओतायची, त्यात भांडंभर पाणी घालून उकळायची, म्हणजे सगळ्यांना पुरेल. ढाब्यावर खरी चव कशी लागत असेल याची मी कल्पना करायचे. नंतर 'फॅमिली रूम' आली, म्हणजे प्लायवूडच्या आडोशामागे पंखा आणि दोन टेबलं. लग्नानंतर यांच्याबरोबर तिथं पहिल्यांदा बसून गरम शेवभाजी खाल्ली, तेव्हा नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वेटर न विचारताच वाटीत रस्सा ओतून जात होता. त्या ओतण्याचंच मला नवल वाटलं होतं. इतका रस्सा आला कुठून? संपत का नाही? घरी ती भाजी जमवण्याचे प्रयोगही मी खूप केले. कांदा थेट विस्तवावर भाजला, तेल दुप्पट घातलं. चव जवळ गेली, पण ते ओतणं काही जमलं नाही.

हॉटेलातल्या त्या जेवणानंतर आठवड्याभरात घरी भरीत केलं आणि मी मुद्दाम सासूबाईंकडे बघत बसले. आधी काही दिसलं नाही. ताट वाढलं, त्यांनी भाकरी मोडली, कांदा ठेचला. मग लेकीने दुसऱ्यांदा भरीत मागितलं. मी पातेलं पुढे ओढलं, आणि त्या क्षणी सासूबाईंची नजर पातेल्यात गेली. मान हलली नाही, फक्त नजर. तळ कुठवर आलाय, हे बघून ती परत ताटावर आली. हे अजून यायचे होते, त्यांचं ताट बाकी. मी बसायची बाकी. सकाळी भांडीवाल्या मावशींना थोडं द्यायचं, ते बाकी. एवढं सगळं त्या नजरेत मोजून झालं होतं. मी त्यांच्या ताटाकडे डाव नेला तर हात आडवा. "पोट भरी गयं." आणि मला एकदम जाणवलं, की मीही तेच करते. मुलगा आला की मासळी असो, मांडे असोत, मी डावाचा आवाज ऐकते. डाव पातेल्याच्या तळाला खरवडल्यासारखा वाजायला लागला की माझी भूक आपोआप भागते. कुणी सांगितलेलं नाही, शिकवलेलंही नाही. इतक्या वर्षांत मी स्वतःला याबद्दल काही विचारलंही नव्हतं.

हॉटेलात पातेलं दिसत नाही. ते उघडझाप करणारं दार आणि त्यातली ती गोल काच. आत किती भरीत आहे, कुणाचं राहिलंय, उद्याला उरवायचंय का, काही कळायची सोय नाही. सासूबाईंना तिथं फक्त स्वतःची वाटी दिसत होती, आणि ती रिकामी होती.

आणि मग मला शेत आठवलं. माझी आई घरी कधी दुसऱ्यांदा घ्यायची नाही, पण शेतातल्या पार्टीत घ्यायची. पानावर भाकरी चुरून, वर भरीत, पुन्हा भाकरी, आणि मधेच काकांना ओरडून सांगायची की मिरची कमी पडली. तिथं भरताचा ढीग सगळ्यांसमोर असायचा, शिजवणारे दुसरे, वाढणारे दुसरे. मिरची कमी पडली म्हणून ओरडण्याची चैन ती वर्षातून एवढ्याच दिवशी करायची.

हे सगळं उलगडल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, कारण माझं भरीत निर्दोष सुटलं. थोडं वाटलंही. पण सोबत चीडही आली, आणि ती नेमकी कुणावर हे सांगता येईना. सासूबाईंच्या या न घेण्याला त्याग म्हणून हार घालायची माझी अजिबात तयारी नाही. मी त्यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात उभं आयुष्य काढलंय. घरात काय किती उरलंय हे ज्या बाईला ठाऊक, घर तिच्या हातात असतं. नव्याची सून असताना मी भाकरीचं पीठ जरा जास्त भिजवलं की त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त डब्यात डोकावायच्या. रात्री कुणी अचानक आलं तर दोन भाकरी आणि वाटीभर भाजी शिल्लक असायचीच, आणि ती कुणी संपवली की त्या रात्रभर अस्वस्थ. "कोनी वनं तं?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. कुणी येत नसे. सकाळी ती भाजी त्याच खायच्या, शिळी. हे प्रेम आहे, आणि पहाराही आहे. मी तरुण होते तेव्हा मला पहाराच दिसायचा. आता माझ्या लेकीला माझ्यात काय दिसत असेल, कोण जाणे. मुलगा मात्र पुण्याला एकटा राहतो, स्वतः स्वयंपाक करतो, आणि फोनवर सांगतो की कढईतच खाल्लं, भांडी कमी पडतात घासायला. पातेलं आणि ताट एकच. त्याचा तळ तो बिनधास्त खरवडतो.

काही उपाय करून पाहिले. पुढच्या वेळी वांगी दुप्पट आणली. सासूबाईंनी पातेल्यात पाहिलं, समाधानाने मान डोलावली, आणि तेवढंच घेतलं जेवढं नेहमी घेतात. उरलेल्याची सकाळी थालिपीठं झाली, तीही छान झाली, पण मुद्दा तो नव्हता. मग एकदा ओट्यावरच सगळ्यांच्या वाट्या आधी भरून टेबलावर आणल्या, पातेलं आतच. जेवता जेवता त्या उठल्या आणि आत गेल्या. काय हवंय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, गॅस बंद केलाय का बघितलं." गॅस तर मी त्यांच्यासमोरच बंद केला होता. झाकण मात्र सरकलेलं होतं.

या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मांडे घरी करायचे नाहीत असं ठरवलं. त्यातही माझे प्रयोग झालेत. वस्त्रगाळ पीठ दळून आणलं, तेल लावून पीठ तिंबलं, खापर मिळेना म्हणून लोखंडी कढई उलटी घालून पाहिली. दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून लाटणं जमतं, पण पुढे तो हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा, तिथं माझा मांडा फाटतो. कोंड्याचा एक कण राहिला तरी तिथून भोक पडतं. म्हणून मग गल्लीतल्याच एका मांडे करणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी आपलं खापर आणलं, गच्चीवर तीन विटांची चूल मांडली, काड्या पेटवल्या (खालच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्यांचे दोन मांडेही कबूल केले होते). आमरस, रशी, कुरडया, भजी सगळं वर नेलं. सतरंजी टाकली आणि मी सासूबाईंना पहिल्या पंगतीला बसवलं, स्वतःही शेजारी बसले. बाईंच्या हातावर मांडा ओल्या पदरासारखा लोंबत होता, दोन्ही कोपरांवरून फिरत होता, आणि पापणी लवायच्या आत खापरावर पडत होता. पहिला मांडा सासूबाईंच्या ताटात आला. चौघडी घालून, वर तूप. दुसराही आला. त्यांनी घेतला! आमरसात बुडवून, डोळे मिटून खाल्ला. मी मनातल्या मनात टाळी वाजवणार, इतक्यात त्या मांडे करणाऱ्या बाईंच्या परातीकडे वाकल्या, ओल्या फडक्याखालचे गोळे नजरेने मोजले, आणि म्हणाल्या, "तुन्हासाठे दोन काढी ठेव पहिले, मंग आम्हले वाढ." बाईंनी हात न थांबवता सांगितलं, की माझे मी पीठ मळतानाच बाजूला काढलेत, आजी, तुम्ही जेवा.